तेराव्या मिनिटाची घंटी

सई, ईशान,

तुम्हा दोघांना हे एकत्रच लिहिते आहे, म्हणजे नंतर आजीने तुला काय सांगितलं आणि मला काय नाही, असा वाद व्हायला नको. निमित्त मात्र सईचं आहे. तिचा निरोप येऊन आज नऊ दिवस झाले. तिकडच्या एका परिषदेत तिचा शोधनिबंध घेतला गेला, विषय साहित्याच्या वर्गात मुलांना लिहायला कसं शिकवावं हा, आणि वेळ वीस मिनिटं. खाली तिने विचारलं होतं, ‘आजी, तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी लिहिलेलं काही आहे का अजून? एखादा खरा नमुना हवा आहे.’ मी उत्तर पाठवलं, ‘शोधते.’

तुमच्या बाबांनी हे वाचलं असतं तर ते हसले असते. आपल्या घरात काही शोधावं लागत नाही. सईला हवा तो कागद कुठे आहे हे मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसत होतं. लोखंडी कपाट, वरून दुसरा खण, निळी फाइल, त्यातला शेवटचा कागद. हात लांब करायचा अवकाश होता. तरी मी ‘शोधते’ म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण डबे पुसत बसले.

डबे पुसता पुसता मला कळलं की मला आनंद झालेला नाही. सई, तू रागावू नकोस, पुढे वाच. तुझी बातमी वाचून पहिल्यांदा मनात आलं ते हे, की हिला वीस मिनिटं. मला पंधरा होती. मग आलं की हिच्यासमोर जगभरची माणसं बसणार, माझ्यासमोर जेवणाच्या रांगेकडे डोळा लावून बसलेली चाळीस होती. अभिमान आला, पण तो तिसरा आला, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा. स्वतःच्या नातीचा हेवा करणारी आजी गोष्टीच्या पुस्तकांत नसते. पुण्यात एक आहे.

सध्या इथे परिषदांचा मोसम आहे. तुम्ही इथल्या थंडीत येता ते डिसेंबरच्या सुट्टीत, म्हणून हा मोसम तुम्ही पाहिलेला नाही. संक्रांत उरकली की परीक्षा सुरू होईपर्यंत जे पाच-सहा आठवडे मिळतात, त्यांत शहरातली निम्मी कॉलेजं चर्चासत्रं भरवतात. फाटकांवर कापडी फलक लागतात. सकाळी सतरंज्या झटकल्याची धूळ उन्हात तरंगत असते, आवारातल्या आंब्याला मोहोर आलेला असतो, आणि त्या मोहोराच्या वासात मसालेभाताच्या फोडणीचा वास मिसळतो. प्रत्येकाच्या खांद्याला एकसारखी कापडी पिशवी आणि छातीवर नावाचं कार्ड. ज्यांना रोज भेटतो त्यांच्याही छातीवरचं नाव आपण त्या दिवशी वाचतो. कोणाच्या कार्डावर ‘प्रमुख वक्ता’ आहे, हे आधी वाचतो.

आणि त्याच सुमाराला मंडईत संत्री येतात. आता खाली इमारतीपाशी सगळं मिळतं, तरी मी गुरुवारी रिक्षाने मंडईत जातेच. मागच्या गुरुवारी एका गाळ्यावर विक्रेत्याने संत्रं सोलून माझ्या हातावर फोड ठेवली. “घ्या आजी, नागपुरी आहे. आंबट निघालं तर परत आणून द्या.” मी म्हटलं, “खाल्लेलं परत कसं आणू?” तो म्हणाला, “म्हणूनच तर म्हणतोय.” मी हसले, पण सालीचा तो फवारा बोटांवर उडाला आणि माझे डोळे एकदम आमच्या कॉलेजच्या जुन्या सभागृहातल्या शेवटच्या रांगेकडे गेले. त्या वासाला मी पंचवीस वर्षं चुकवत आले आहे. दर वर्षी संत्री घ्यायचे ती तुमच्या आजोबांसाठी, आणि आता ते नाहीत तर सवयीने घेते. खात मात्र नाही.

तेव्हा आमच्या इंग्रजी विभागाला एक खोली होती, तीत एक कपाट आणि एक लांब टेबल. टेबलाच्या एका बाजूला मी बसायचे, दुसऱ्या बाजूला सुनंदा. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेली. तिच्या बाजूला वह्यांचे ढीग कलंडलेले असत आणि त्यांवर चहाच्या कपाची गोल खूण असे. माझ्या बाजूला काय असे ते तुम्ही माझं आत्ताचं टेबल पाहिलं आहे. ती मला शालिनीताई म्हणायची आणि माझी टाचणी, माझा डिंक, माझी पट्टी न विचारता घ्यायची. परतही करायची, पण दुसऱ्याच जागी.

माझ्या कपाटात पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा असे. एका बाजूला छापलेले, दुसरी बाजू कोरी. जुन्या प्रश्नपत्रिका, रद्द झालेल्या सूचना, उरलेली वेळापत्रकं. कोरी बाजू फुकट घालवायची नाही ही माझ्या वडिलांची शिस्त, ती माझ्याकडे आली. मी ते कागद पट्टीने फाडून अर्धे करायचे, कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्याने बांधायचे आणि कच्च्या कामासाठी ठेवायचे. एके दिवशी सुनंदाने विचारलं, “ताई, एक गठ्ठा नेऊ वर्गावर?” मी ‘ने’ म्हटलं. मला वाटलं, हजेरीबिजेरीसाठी हवा असेल.

तिने ते कागद मुलांना वाटले. तासाची पहिली दहा मिनिटं, कुठल्याही भाषेत, काहीही लिहा. नाव घालू नका. मी तपासणार नाही. कागद पाठकोरा असल्यामुळे मुलं घाबरायची नाहीत, हे तिच्या लक्षात आलं होतं. नव्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर अक्षर चुकलं तर जीव जातो, आधीच वापरलेल्या कागदावर काय बिघडणार? जे जमलं असेल ते मग इंग्रजीत करायचं, तिच्या मदतीने, हळूहळू.

मी लिहायला शिकवायचे ते वेगळ्या रीतीने. आधी मुद्दे, मग मुद्द्यांचा क्रम, पहिल्या वाक्यात विषय, शेवटच्या वाक्यात समारोप, आणि समासात माझी लाल शाई. माझी मुलं पास व्हायची. कोणाच्या निबंधात काही चुकलेलं नसायचं. काही असायचंच असंही नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं की आत्ता लिहिताना सुचलं, ते सांगता येत नाही.

एक गोष्ट मी आयुष्यात शिकले. लांबच्या माणसाचा हेवा वाटत नाही. परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी मोठं भाषण केलं तर मी टाळ्या वाजवून, मनात काही न ठेवता घरी यायचे. हेवा वाटतो तो टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा, जिच्या कपाची खूण आपण पुसतो तिचा. तिची मुलं दुपारी खोलीच्या दाराशी थांबू लागली. ‘मॅडम आहेत का?’ असं विचारत. मी तिथेच बसलेली असायचे.

त्या मुलांत रंजना होती. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला, मूळ गाव वर्ध्याकडचं, राहायला कारखान्याच्या वसाहतीत. मुलगी सावळी, उंच, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. पहिलं वर्षभर ती माझ्या वर्गात होती. वडिलांवर निबंध लिहून आणला होता, तीन परिच्छेद, वडील कष्टाळू आहेत, वडील शिस्तप्रिय आहेत, मला वडिलांचा अभिमान आहे. मी दहापैकी सहा दिले होते. दुसऱ्या वर्षी ती सुनंदाच्या वर्गात गेली, आणि डिसेंबरात एका दुपारी सुनंदाने एक अर्धा कागद माझ्यासमोर ठेवला. मागे माझीच जुनी प्रश्नपत्रिका होती. पुढे पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं.

“ताई, वाचा ना.”

मी वाचलं. त्यातला थोडा भाग इथे उतरवते.

‘बाबा रोज सकाळी निघताना आरशाखालच्या फळीवर काडेपेटी ठेवतात. बिडीचा कट्टा पण तिथेच. कारखान्यात काडेपेटी नेता येत नाही, फाटकावर खिसे तपासतात. आई त्या काडेपेटीला हात लावत नाही. तिची स्टोव्हजवळची वेगळी आहे. एकदा तिची संपली तर ती शेजारी मागायला गेली, पण फळीवरची घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाली, ती त्यांची त्यांनी येऊन घ्यावी. मी कॉलेजातून आले की आधी फळीकडे बघते. काडेपेटी तिथे असते म्हणजे बाबा अजून आत आहेत. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत काडी ओढल्याचा आवाज येतो. मग आई तवा ठेवते.’

कागदावर अजून थोडं होतं. वर्षभर ही मुलगी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसली होती आणि ही काडेपेटी तिने मला कधी दाखवली नव्हती. माझे कागद, माझी प्रश्नपत्रिका, माझी विद्यार्थिनी, आणि हे पान सुनंदाचं. मग मी मान वर केली आणि म्हटलं, “एकाच परिच्छेदात ‘काडेपेटी’ फार वेळा आलंय.”

सुनंदाने कागद उचलला आणि माझी टाचणी घेऊन आपल्या फाइलीला लावला.

त्या वर्षी चर्चासत्र आमच्याच कॉलेजात होतं. साहित्य आणि लेखन-अध्यापन, एक दिवस, सकाळ-दुपार. उद्घाटनाला समई होती आणि काडेपेटी नव्हती. प्राचार्य, पाहुणे, दोन प्राध्यापक समईभोवती हात जोडून उभे, आणि सगळे सभ्य लोक खिसे चाचपत होते. कोणी बिडी-सिगारेट ओढत असल्याचं कबूल करेना. शेवटी कॅन्टीनमधून काडेपेटी आली, पाच वाती लागल्या, आणि पंख्याने त्यांतल्या तीन लगेच विझल्या.

माझा निबंध सकाळच्या पहिल्या सत्रात होता. परिच्छेदातली सुसूत्रता, त्यावर बारा संदर्भ. घरी मी तो तुमच्या आजोबांना घड्याळ लावून सात वेळा वाचून दाखवला होता. सातव्या वेळी ते म्हणाले होते, “आता मी वाचतो, तू झोप.” सभागृहात मी साडेचौदा मिनिटांत संपवला. अध्यक्ष म्हणून आलेले वृद्ध प्राध्यापक अस्सल पुणेरी होते. ते म्हणाले, “निबंध वेळेत संपला. माझ्या मते आजच्या दिवसातलं हेच मूलभूत संशोधन.” लोक हसले. प्रश्न कोणी विचारला नाही. मीही हसले आणि जागेवर येऊन कागद क्रमाने लावले, ते आधीच क्रमाने होते.

दुपारच्या सत्राला वेळ पाळायचं काम माझ्याकडे आलं. ते माझ्याकडेच यायचं. कॉलेजची घंटासुद्धा शिपाई माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून घ्यायचा. अध्यक्षांच्या शेजारी छोटं टेबल, त्यावर तळहाताने दाबायची पितळी घंटी. बाराव्या मिनिटाला एकदा, पंधराव्याला शेवटची. जेवणात जिलबी आणि मठ्ठा झालेला. खुर्च्यांत माना कलंडल्या होत्या. पहिल्या दोन वक्त्यांना मी बरोबर पंधराव्या मिनिटाला थांबवलं आणि त्यांनी ते मान्य केलं. शालिनीबाईंच्या घंटीवर अपील नसायचं.

तिसरी सुनंदा. तिचे कागद मागेपुढे झाले होते, प्रोजेक्टरवर तिने एक पारदर्शिका उलटी ठेवली, लोकांनी माना वाकड्या केल्या, तिने ती सावकाश सरळ केली. इंग्रजीत बोलत होती, वाचत नव्हती. पाठकोऱ्या कागदांचं सांगितलं. हे कागद कोणाच्या कपाटातले तेही सांगितलं, माझ्याकडे हात करून, आणि चार लोकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सई, हे तुला मुद्दाम सांगते. मला श्रेय मिळालं नाही म्हणून मी जळले, असं कोणाला वाटायला नको. श्रेय मिळालं होतं. कागदांचं.

बाराव्या मिनिटाची घंटी मी बरोबर दिली. तिने फाइल उलटून मागचा अर्धा कागद काढला आणि म्हणाली की आता ती एका विद्यार्थिनीचं पान वाचणार आहे, मराठीत, जसं लिहिलं तसं. आणि सभागृह जागं झालं. माझ्या डोळ्यांसमोर एकेक मान सरळ झाली. सकाळी मी बोलत असताना ज्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला फुलं काढली होती, ते पुढे झुकले. तिने अजून एक शब्दही वाचला नव्हता. चष्मा पुसत होती.

माझा तळहात खाली गेला. घंटी वाजली. माझ्या घड्याळात तेरा मिनिटं झाली होती.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. “झाली वेळ?”

“झाली,” मी म्हणाले.

तिने क्षणभर समोर पाहिलं, कागद फाइलीत ठेवला, आभार मानले आणि खाली उतरली. टाळ्या झाल्या. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. एवढंच घडलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं दोन अक्षरांचं होतं, आणि ते चाळीस माणसांनी ऐकून खरं मानलं, कारण ते मी बोलले होते.

चहाच्या वेळी मी बाहेर आले तर दाराशी रंजना उभी. तिच्या शेजारी एक बाई. डोक्यावर पदर, नेसलेल्या लुगड्याच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत, हातात जड कापडी पिशवी. रंजनाने सांगितलं, ही आई. खडकीहून दोन बस बदलून त्या आल्या होत्या आणि दुपारचं सत्र सुरू झाल्यापासून शेवटच्या रांगेत बसून होत्या. सुनंदाची इंग्रजीतली तेरा मिनिटं त्या बाईंनी एक शब्द न कळता ऐकली होती, कारण नंतर मराठीतलं येणार होतं.

त्यांनी मला विचारलं, “बाई, आमच्या रंजूचं अजून वाचायचं हाये का जी?”

रंजना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत होती.

मी म्हटलं, “वेळ संपली हो.”

“असं का,” त्या म्हणाल्या. जराही तक्रार नव्हती. “मंग पुढच्या खेपेले.” आणि मीच त्यांतली वडीलधारी दिसत होते म्हणून पिशवी माझ्या हातात दिली. “गावाकडची संत्री हायेत. गोड हायेत जी.”

मी ती घेतली. नको म्हणता आलं असतं, पण नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. घरी येताना बसमध्ये पिशवी मांडीवर होती आणि तिचा वास सबंध बसभर पसरला होता. तुमच्या बाबांनी आणि आजोबांनी चार दिवस ती संत्री खाल्ली. मी एक सोललं आणि तसंच ताटलीत ठेवलं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, आजी, माणसाच्या हातून होतं असं. होतं. पण मी नंतर एक केलं ते हातून झालं नाही, मी ते केलं. चर्चासत्रातल्या निबंधांचं पुस्तक काढायचं ठरलं आणि अर्थातच संपादन माझ्याकडे आलं. निबंधाला दहा पानांची मर्यादा होती. सुनंदाचा मजकूर साडेदहा पानं भरला आणि शेवटच्या अर्ध्या पानावर रंजनाचं लिखाण होतं, मूळ कागद टाचणीने जोडलेला. मी नियमाप्रमाणे दहाव्या पानावर निबंध थांबवला. पहिल्यांदा मी खोटं बोलले, दुसऱ्यांदा नियमावर बोट ठेवलं. दुसरं जास्त वाईट, कारण तेव्हा डोकं तापलेलं नव्हतं. पुस्तक छापून आलं तेव्हा सुनंदाने पानं चाळली, शेवटचं पान पाहिलं आणि म्हणाली, “बांधणी छान झालीय, ताई.” मूळ कागद माझ्या निळ्या फाइलीत राहिला. टाकून देणं मला जमलं नाही. कागद टाकून द्यायची मला सवय नाही, इतकाच त्याचा अर्थ तेव्हा होता.

पुढे सुनंदा दोनदा परदेशात जाऊन निबंध वाचून आली. मी विभागातर्फे तिला गुच्छ दिला आणि फुलं थोडी शिळी निघाली याचं मला बरं वाटलं. ती विभागप्रमुख झाली नाही, मी झाले. त्याने काही भागलं नाही. हेव्याचं एक असतं, त्याला हवं ते दिलं तरी तो आपल्या जागेवरून उठत नाही. तो शेजारी बसून राहतो, शांत, चांगल्या वळणाचा, वेळेवर जेवणारा.

आता सईचा निरोप आला आणि त्या हेव्याने पुन्हा मान वर केली. तेव्हा मला भीती वाटली. या वेळी घंटीखाली माझी नात होती. कागद दिला नाही तर कोणाला कळणारही नाही. ‘सापडला नाही गं’ एवढं म्हणायचं. तेही दोन-तीन शब्दांचंच.

म्हणून परवा सकाळी मी मंडईतली ती संत्री पिशवीत घातली, निळी फाइल घेतली आणि कर्वेनगरला सुनंदाकडे गेले. ती आता गुडघ्यांमुळे फारशी बाहेर पडत नाही. दार उघडल्यावर म्हणाली, “फोन न करता? ताई, तुम्ही? मला बसू द्या आधी.” तिचं टेबल अजून तसंच आहे. कपाच्या खुणा मोजायच्या म्हटल्या तर सकाळ पुरायची नाही.

मी चहाची वाट पाहिली नाही. उभ्यानेच सांगितलं, की त्या दिवशी पंधरा झाली नव्हती, तेरा झाली होती.

सुनंदाने संत्रं सोलायला घेतलं होतं. हात थांबला नाही.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “वक्त्याच्या समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, ताई. लोकांच्या पाठीमागे. तुम्ही फक्त मनगटाकडे बघत होतात.”

पंचवीस वर्षं मी हे गाठोडं एकटी वाहते आहे असं मला वाटत होतं, आणि ती भिंतीकडे बघत उभी होती. मी विचारलं, मग थांबलीस कशाला.

“सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडू? कॉलेजची घंटा तुमच्यावर चालायची.” तिने एक फोड तोंडात टाकली. मग म्हणाली, “तेवढंच नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. शालिनीताईंना माझ्यासाठी घड्याळ चुकवावंसं वाटलं. म्हटलं, आता आपण कोणीतरी झालो. त्याच आनंदात खाली उतरले. मागच्या रांगेत रंजनाची आई, कौसल्याबाई बसल्यात हे मला माहीत होतं. मीच बोलावलं होतं त्यांना.”

खाली शाळेची व्हॅन हॉर्न वाजवत होती. माझ्या हेव्यात आणि तिच्या त्या आनंदात त्या बाईंची दोन मिनिटं गेली होती. एकटीच्या हातून इतकी नीट गेली नसती.

सुनंदा म्हणाली, “आणलाय का कागद?” मी फाइल उघडली. तिने चष्मा पुसला, त्या दिवशीसारखाच, आणि म्हणाली, “घड्याळ लावा.” मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तिने वाचलं, सावकाश, कुठेही न थांबता. आई तवा ठेवते, तिथवर, आणि त्यापुढचंही. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं.

“एक मिनिट पन्नास सेकंद,” मी म्हणाले.

“म्हणजे बसलं असतं,” सुनंदा म्हणाली.

रंजनाचा दर दिवाळीला सुनंदाला निरोप येतो. ती वर्ध्याकडे एका शाळेत शिकवते. सुनंदाने तिथल्या तिथे तिला विचारलं, पान सईने वाचलं तर चालेल का. दुपारी उत्तर आलं. ‘वाचा. आईचं नाव कौसल्या, ते नक्की घ्या. बाबांनी बिडी सोडली. ती फळीवरची काडेपेटी आता आईकडे असते, देवापुढच्या दिव्याला.’ त्या घंटीचं तिला काय आठवतं, हे आम्ही विचारलं नाही. पुढच्या वेळी विचारायला हवं, आणि ते मलाच विचारावं लागेल.

सई, कागदाची प्रत सोबत पाठवते आहे. पाठीमागची प्रश्नपत्रिकाही पाठवली आहे, तीही त्या पानाचीच बाजू आहे. एकच सांगते, आणि हे आजी म्हणून नाही, वेळ पाळणारी म्हणून सांगते. हे पान निबंधाच्या शेवटी ठेवू नकोस. तुझं म्हणणं काय आहे, संदर्भ किती आहेत, ते सगळं नंतर. उभी राहिलीस की आधी कौसल्याबाईंचं नाव घे आणि हे वाच. घंटी ज्याच्या हातात असेल तो कोण आहे, हे आपल्याला कधी ठाऊक नसतं.

तुझा हेवा अजून पुरता गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. वीस मिनिटं पुष्कळ असतात.

माझं घड्याळ चालू आहे, सुनंदाच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं आहे. पुस्तकाच्या प्रती कुठे गेल्या ठाऊक नाही. माझा तो सुसूत्रतेवरचा निबंध मला स्वतःलाही आठवत नाही. तो अर्धा कागद आहे. वरच्या कोपऱ्यातल्या टाचणीला गंज चढला होता, ती मी काढून टाकली, तिचा तपकिरी डाग राहिला आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, पण सगळं वाचता येतं.